पुंडा ते केनेपा: क्युरासावच्या बंदरात

गुरुवार

विमान खाली यायला लागलं की क्युरासाव, व्हेनेझुएलासमोरचं कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, तपकिरी दिसतं. निवडुंग, काटेरी झुडपं, सततच्या वाऱ्याने एकाच दिशेला वाकलेली दिवीदिवीची झाडं आणि चहूकडे निळाशार समुद्र. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. उसाचे मोठे मळे पोसण्याइतकं पाणी इथे कधी नव्हतं आणि सोनंही सापडलं नाही. १४९९ मध्ये आलेल्या स्पॅनिश लोकांनी या बेटाला सरळ 'निरुपयोगी' ठरवून टाकलं. मग १५१५ च्या सुमाराला इथले मूळचे रहिवासी काकेतिओ, साधारण दोन हजार माणसं, गुलाम म्हणून हिस्पॅनियोलाला, म्हणजे आज हैती आहे त्या बेटावर, उचलून नेली.

डचांना मात्र या बेटाची एक गोष्ट हवी होती. समुद्रातून एक अरुंद, खोल खाडी आत शिरते, तिला सिंट आना बाई म्हणतात. आत गेल्यावर ती एकदम ऐसपैस होते, त्या भागाचं नाव स्खोटेगाट. अख्खं आरमार आत नांगरून ठेवावं आणि तोंडाशी तोफा लावून बसावं, अशी ती जागा. १६३४ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीच्या योहान फान वालबेकने बेट घेतलं आणि लगेच खाडीच्या तोंडाशी फोर्ट अ‍ॅमस्टरडॅमची उभारणी सुरू केली. विलेमस्टाड हे शहर या किल्ल्याच्या आडोशाने वाढलं.

आम्ही दोघं अ‍ॅमस्टेलवेनला राहतो. अ‍ॅमस्टरडॅमहून थेट विमान आहे, दहाएक तास लागतात. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, त्यामुळे डच वखारीचे पडके चिरे लहानपणापासून पाहिलेले. ती वखार पूर्वेकडच्या कंपनीची, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीची, क्युरासाव पश्चिमेकडच्या कंपनीचं. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठची सुंदर घरं रोज बघताना त्या पैशाचं दुसरं टोक कुठे आहे हे एकदा पायी चालून बघायचं होतं. समुद्रकिनारे हा आमच्या या प्रवासाचा विषय नव्हता, हे आधीच सांगते.

सामान टाकून संध्याकाळी निघालो ते थेट क्वीन एम्मा पुलावर. विलेमस्टाडचे दोन जुने भाग खाडीच्या दोन काठांना आहेत: पूर्वेला पुंडा, पश्चिमेला ओत्रोबांडा. त्यांना जोडणारा हा पूल १८८८ चा. लिओनार्ड बर्लिंग्टन स्मिथ नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बांधला, तो इथला अमेरिकेचा वाणिज्यदूतही होता. पूल पाण्यावर तरंगतो. खालच्या होड्यांच्या रांगेवर फळ्यांची वाट टाकलेली आहे. जहाज यायचं असलं की घंटा वाजते, इंजिन सुरू होतं आणि अख्खा पूल एका बाजूला बिजागरीवर फिरावा तसा फिरून काठाला जाऊन टेकतो. भगवा झेंडा लागला तर थोडा वेळ, निळा लागला तर बराच वेळ. तेवढ्यात पलीकडे जायचं असेल तर फुकट फेरीबोट आहे, तिला सगळे पोंची म्हणतात.

सुरुवातीला या पुलावर पथकर होता. पायात वहाणा असलेल्याला पैसे पडत, अनवाणी माणसाला फुकट. गरिबाला सूट द्यावी असा त्यामागचा हेतू. इथले लोक सांगतात की कित्येक गरीब माणसं आपण गरीब नाही हे दाखवायला कुणाचे तरी जोडे उसने घालून पैसे भरून जात, आणि पैसेवाले जोडे काखोटीला मारून फुकटात. गोष्ट किती खरी ते असो, या शहरात चपला घालण्याला काय अर्थ होता हे तीन दिवसांनी मला पश्चिमेकडच्या मळ्यांत, केनेपाला गेल्यावर जास्त कळलं.

शुक्रवार

सकाळच्या उन्हात हांडेल्सकाडेचा काठ पाहिला. क्युरासावच्या प्रत्येक चित्रावर असते ती हीच घरांची रांग. वर वळणदार डच माथे, खाली दुकानं, आणि पिवळा, निळा, गुलाबी, हिरवा असे रंग. कोपऱ्यावरची पेन्याची पिवळी इमारत १७०८ ची. भिंती बऱ्याचशा प्रवाळाच्या दगडांच्या, वर चुन्याचा गिलावा. डोकं हॉलंडचं असलं तरी अंग इथल्या हवेचं झालंय: व्हरांडे, खोल सावली, वारा खेळेल अशा फटींच्या झडपा. रंगांबद्दल सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की १८१७ मध्ये गव्हर्नर आल्बर्ट किकर्टने पांढऱ्या भिंतींवर बंदी घातली, कारण पांढऱ्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने त्याचं डोकं दुखे. रंगाच्या दुकानात त्याचाच पैसा गुंतलेला होता असंही लोक सांगतात. १९९७ मध्ये युनेस्कोने हा सगळा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

फोर्ट अ‍ॅमस्टरडॅममध्ये आज गव्हर्नरचं निवासस्थान आणि सरकारी कचेऱ्या आहेत. चौकात १७६९ चं प्रोटेस्टंट चर्च आहे आणि त्याच्या भिंतीत १८०४ च्या इंग्रजी हल्ल्यातला तोफगोळा अजून रुतलेला दिसतो. १६४२ मध्ये इथला कारभारी झालेला पेटर स्टाय्व्हेसंट सिंट मार्टेन बेटावरच्या लढाईत पाय गमावून बसला, आणि पुढे लाकडी पायाने न्यू अ‍ॅमस्टरडॅमचा म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. या छोट्या बंदरातून माणसं कुठवर गेली याचा हिशोब लावत बसलं की दिवस पुरत नाही.

मग मिक्वे इस्राएल-एम्मॅन्युएल सिनेगॉग. शनिवार-रविवारी पाहुण्यांना बंद असतं म्हणून शुक्रवार हातचा राखून ठेवला होता. इमारत १७३२ ची, आणि अमेरिका खंडांत अखंड वापरात असलेलं हे सर्वांत जुनं सिनेगॉग. आत पाऊल टाकलं की ते वाळूत पडतं. सबंध जमिनीवर पांढरी वाळू पसरलेली. वर महॉगनीचं गडद लाकूडकाम, पितळेची मोठी झुंबरं, निळ्या काचांतून येणारा उजेड. वाळू कशासाठी याची दोन कारणं तिथे सांगतात. एक, इजिप्तमधून सुटल्यावर वाळवंटात काढलेल्या चाळीस वर्षांची आठवण. दुसरं मला जास्त लागलं: पोर्तुगाल-स्पेनमध्ये धर्मन्यायालयाच्या धाकाने चोरून प्रार्थना करावी लागे, तेव्हा पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लोक जमिनीवर वाळू टाकत.

हे लोक पोर्तुगीज ज्यू. धाकापायी अ‍ॅमस्टरडॅमला पळाले, काही डचांच्या ताब्यातल्या ब्राझीलला गेले, १६५४ मध्ये तेही पोर्तुगीजांनी परत घेतल्यावर आणखी विखुरले. क्युरासावमधल्या त्यांच्या मंडळीची स्थापना १६५१ ची. त्या वाळूत उभी असताना मला जुनं गोवं आठवत होतं. १५६० मध्ये तिथेही हेच न्यायालय आलं. औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच घरातला. तो १५६८ मध्ये गोव्यात वारला. त्याच्या बहिणीला पुढच्याच वर्षी जाळलं आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. एकाच छळाची ही दोन टोकं, मांडवीच्या काठी आणि सिंट आना बाईच्या काठी. इथल्या लोकांना निदान उघड्यावर दार ठेवून देवाचं नाव घेता आलं.

पण याच मंडळीतले काही व्यापारी माणसांच्या खरेदी-विक्रीतही होते. छळ भोगलेल्याने दुसऱ्याचा छळ करू नये अशी आपली अपेक्षा असते, इतिहासात ती बऱ्याचदा खोटी ठरते. मला हे लिहिताना त्रास होतो, पण या शहराबद्दल लिहिताना ते गाळणं जमणार नाही.

दुपारी जेवायला प्लासा बिएउ. जुन्या बाजाराची मोठी शेड, एका कडेला उघडी स्वयंपाकघरं, लांबलचक सामाईक टेबलं. कचेरीतले लोक, गवंडी, पर्यटक सगळे शेजारी शेजारी. नवऱ्याने बकऱ्याचा रस्सा घेतला, काब्रितु स्तोबा. मी जियाम्बो मागितलं. ते भेंडीचं बुळबुळीत, दाट सूप, मासे घातलेलं. सोबत फुंची म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि तळलेलं पिकलं केळं. भेंडी आफ्रिकेची, इथे गुलामांच्या जहाजांबरोबर आली. पातेल्यापाशी उभ्या असलेल्या मावशींना मी विचारलं, फुंची कायम मक्याचीच का? त्या म्हणाल्या, "माझी आजी ज्वारीची करायची. मका नंतर आला, विकतचा. ज्वारी आपल्या शेतातली." इथे ज्वारीला 'माइशी चिकी' म्हणतात, म्हणजे छोटा मका. सोलापूरइतक्याच पावसात तग धरणारं धान्य, तिथेही गरिबाच्या ताटातलं आणि इथेही.

शनिवार

पूल ओलांडून ओत्रोबांडा. पुंडा तटबंदीत दाटीवाटीने भरलं तेव्हा १७०७ मध्ये खाडीपलीकडे घरं बांधायला परवानगी मिळाली. तट नव्हता म्हणून वस्ती हवी तशी पसरली. एका आवारात एकाच कुटुंबाच्या पिढ्या आणि नोकर-गुलाम राहत, अंगणांतून वाट काढत गल्ल्या झाल्या. त्या अजून तशाच वाकड्यातिकड्या आहेत. काही घरं लखलखीत दुरुस्त केलेली, त्यांना लागूनच छप्पर कोसळलेली आणि आत झाड उगवलेली. भिंतींवर मोठमोठी चित्रं. सकाळी दारात बसलेली म्हातारी माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याला "बोन दिया" म्हणतात आणि उत्तराची वाट बघतात. उत्तर दिलं की चेहरा खुलतो.

चौकात लुईस ब्रियोनचा पुतळा आहे. १७८२ मध्ये इथे जन्मलेला हा जहाजमालक, दक्षिण अमेरिकेला स्पेनपासून सोडवणाऱ्या बोलिव्हारच्या बाजूने लढला आणि त्याचा नौसेनापती झाला. सेनापती मान्युएल पिआरही इथलाच, १७७४ चा, मिश्र वंशाचा. त्याला मात्र १८१७ मध्ये बोलिव्हारच्याच कारकिर्दीत गोळ्या घातल्या गेल्या. पिआरबद्दल इथे फार कमी ऐकू येतं, ते मला खटकलं.

जवळच कुरा हुलांडा. मोडकळीला आलेली ही वस्ती याकोब गेल्ट डेकर या डच उद्योजकाने घेऊन दुरुस्त केली आणि १९९९ मध्ये तिथे गुलामगिरीचं संग्रहालय उभारलं. त्या आवाराभोवती फिरताना या बंदराचा खरा धंदा काय होता याचा विचार टाळता येत नाही.

धंदा असा चाले. स्पेनच्या वसाहतींना गुलाम हवे असत, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्पेनचे तळ नव्हते. म्हणून स्पेनचा राजा कंत्राट देई, त्याला आसिएंतो म्हणत. १६६२ मध्ये हे कंत्राट ग्रिलो आणि लोमेलिनी या जेनोव्हाच्या व्यापाऱ्यांना मिळालं आणि त्यांनी माणसं पुरवण्याचं काम डच वेस्ट इंडिया कंपनीला दिलं. आफ्रिकेतून आलेली जहाजं क्युरासावला लागत. समुद्रात खंगलेल्या माणसांना गावाबाहेरच्या तळांवर काही आठवडे ठेवून खाऊ घालत, म्हणजे भाव चांगला येई. मग तपासणी, डागणी आणि कार्ताहेना, पोर्तोबेलो, व्हेराक्रूसकडे रवानगी. हिशोब माणसांत नसे. ठरावीक उंचीचा धडधाकट तरुण म्हणजे एक नग. बाई, मूल, वयस्क माणूस म्हणजे नगाचे अपूर्णांक. कंपनीच्या वह्यांत हे अपूर्णांक नीट बेरजा करून लिहिलेले आहेत.

आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या माणसांची किंमत कशात मोजत? बंदुका, दारू, लोखंड, मालदीवच्या कवड्या आणि हिंदुस्थानी सुती कापड. गुजरातचं आणि कोरोमंडलचं. आपल्या विणकरांच्या हातची ठाणं पूर्वेकडची कंपनी युरोपात नेई आणि तिथून ती गिनीच्या किनाऱ्यावर जात. विणकराला याची गंधवार्ता नसणार. पण आपल्याकडे सुती व्यापाराचा इतिहास मोठ्या अभिमानाने सांगितला जातो, त्यात हे पानही वाचलं जावं असं मला मनापासून वाटतं.

१६७५ मध्ये कंपनीने बंदर सर्वांना खुलं केलं. मग कोको, तंबाखू, कातडी, खेचरं, साखर, जे काय समोरच्या व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरून चोरून येईल ते इथे विकलं जाई. ती चोरटी ये-जा आणि उघडी ये-जा दोन्ही शतकानुशतकं चालली. अगदी अलीकडेपर्यंत पुंडाच्या धक्क्यावर व्हेनेझुएलाच्या होड्या रांगेने लागत आणि भाजी, फळं, मासे होडीतूनच विकत. २०१९ मध्ये व्हेनेझुएलाने सीमा बंद केली आणि तो बाजार मोडला.

उन्हं उतरल्यावर स्खार्लोकडे गेलो. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत ज्यू व्यापाऱ्यांचे बंगले, खांबांवर आणि कमानींवर नक्षीची नुसती रेलचेल. माडुरो हे इथलं मोठं घराणं. नेदरलँड्सला येणारा प्रत्येक मराठी पाहुणा आम्ही मुलांसकट माडुरोडामला नेतो, ती छोट्या इमारतींची बाग. ते नाव जॉर्ज माडुरोचं. जन्म १९१६, विलेमस्टाड. हॉलंडमध्ये शिकायला गेला, १९४० मध्ये जर्मनांशी लढला, मग भूमिगत झाला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये दाखाउच्या छळछावणीत मेला. एकुलता एक मुलगा. आईबापांनी त्याचं स्मारक म्हणून त्या बागेला भांडवल दिलं, १९५२ मध्ये ती उघडली. इतकी वर्षं मी तिथे पाहुण्यांचे फोटो काढतेय. इथून पुढे तिथे आधी त्याची गोष्ट सांगणार.

रविवार

गाडी घेऊन पश्चिमेकडे, बांदाबाउला. शहर संपलं की निवडुंगाची कुंपणं सुरू होतात. उंच, एकाला एक लागून लावलेले खांबासारखे कादुशी. मध्येच टेकाडावर एखादं जुनं मळ्याचं घर, लांटहाउस. ती टेकाडांवर असण्याचं कारण म्हणजे मालकाला खालचं सगळं दिसावं. इथल्या मळ्यांत ज्वारी, कडधान्य, शेळ्या आणि मिठागरं. हॉलंडला हेरिंग मासा खारवायला मीठ लागे. मिठागरात अनवाणी, त्या उन्हात, जखमा झालेल्या पायांनी काम. गुरुवारी ऐकलेली पुलावरच्या जोड्यांची गोष्ट मला तिथे पुन्हा आठवली.

वाटेत कास दि पाली माइशी नावाचं जुनं घर पाहिलं, जतन करून ठेवलेलं. फांद्यांचा कूड, त्यावर मातीचा लेप, वर ज्वारीच्या कडब्याचं शाकारलेलं छप्पर. गुलामगिरी संपल्यावरही विसाव्या शतकापर्यंत खेड्यातली माणसं अशा घरांत राहत. आत एक चूल, एक पाटा, दोरीची बाज. थंडगार वाटलं. दाखवणाऱ्या बाईंनी अंगणात उखळात ज्वारी कशी कांडत ते करून दाखवलं. मी हातात मुसळ घेतलं तर त्या हसून म्हणाल्या, "तुम्हाला येतं की!"

तिथून केनेपा. डच नाव क्निप. टेकाडावर मळ्याचं घर, खाली काही अंतरावर त्याच नावाचा अतिशय देखणा समुद्रकिनारा. किनाऱ्यावर गाड्यांची गर्दी होती, वर घरापाशी आम्ही दोघं आणि वारा.

१७ ऑगस्ट १७९५ रोजी सकाळी या मळ्यावरचे चाळीस-पन्नास गुलाम कामावर गेले नाहीत. अंगणात जमले आणि मालक कास्पर लोडेवाइक फान उइट्रेख्टला त्यांनी सांगितलं की आम्ही इथून पुढे तुझे गुलाम नाही. त्यांचा पुढारी होता 'तुला' नावाचा गुलाम. मालकाने, तक्रार असेल तर फोर्ट अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन सांगा, म्हटलं. ते निघाले, पण आधी दुसऱ्या मळ्यांवर. लागुनला कोठडीतल्या माणसांना सोडवलं. सान्ता क्रूसला बास्तियान कार्पाटा येऊन मिळाला. फ्रेंच वसाहतीतून आलेला लुई मेर्सिए आणि पेद्रो वाकाओही सामील झाले. बघता बघता शेकडो माणसं.

दोन दिवसांनी सरकारने याकोबुस स्खिंक या पाद्रीला बोलणी करायला पाठवलं. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतामुळे तुलाचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं. तुला त्याला म्हणाला की आम्हाला कुणाचं वाईट करायचं नाही, आम्हाला फक्त आमचं स्वातंत्र्य हवं. फ्रेंचांनी आपल्या काळ्या माणसांना मुक्त केलंय. हॉलंड आता फ्रेंचांच्या ताब्यात आहे. मग आम्हीही मुक्त झालो पाहिजे. शिवाय सगळी माणसं आदम आणि ईव्हचीच लेकरं ना?

हा युक्तिवाद किती पक्का आहे बघा. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती. जानेवारी १७९५ मध्ये फ्रेंच फौजांनी हॉलंड घेतलं होतं. महासागरापलीकडच्या या घडामोडी मळ्यावरच्या गुलामाला ठाऊक होत्या, कारण हे बंदर होतं. खलाशी बोलत, सेंट-डोमिंगच्या म्हणजे हैतीच्या उठावाच्या बातम्या होड्यांमधून येत. बंदराने या माणसांना विकलं आणि बंदरानेच त्यांच्यापर्यंत बातमी पोचवली. गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसाने कायद्याचा मुद्दा मांडला आणि दुसऱ्या बाजूकडे त्याला उत्तर नव्हतं, फक्त बंदुका होत्या.

महिनाभर झुंज चालली. सप्टेंबरमध्ये फितुरीने तुला पकडला गेला. ३ ऑक्टोबर १७९५ रोजी त्याला शहराजवळच्या किनाऱ्यावर सर्वांसमोर मारलं. चाकावर बांधून हाडं मोडली, तोंड जाळलं, मग शिर कापलं. कार्पाटालाही त्याच दिवशी. पुढच्याच महिन्यात सरकारने मालकांसाठी नियम काढले: रविवारी काम नाही, कामाच्या वेळा, धान्य-कपड्याचा ठरावीक वाटा. ज्या मागण्यांसाठी माणसं मारली त्यातल्या काही लगेच मान्य कराव्या लागल्या. खुद्द स्वातंत्र्याला अजून अडुसष्ट वर्षं लागायची होती.

१ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा क्युरासाववर सुमारे ६,७०० माणसं मुक्त झाली. प्रत्येकामागे २०० गिल्डर भरपाई दिली गेली, मालकाला.

नवरा बराच वेळ गप्प होता. परतीच्या वाटेवर म्हणाला, "शाळेत आपण फ्रेंच राज्यक्रांती शिकलो, हैती नाही, हे नाही." मी म्हटलं, डच मुलांनाही बरीच वर्षं कुठे शिकवलं होतं!

सोमवार

स्खोटेगाटच्या काठी तेलशुद्धीकरण कारखाना आहे, लोक त्याला इस्ला म्हणतात. समोर व्हेनेझुएलात माराकाइबोच्या सरोवराखाली तेल सापडलं, सरोवर उथळ, राजकारण अस्थिर, म्हणून शेलने १९१५ पासून खोल पाण्याच्या या बंदरात कारखाना उभारायला घेतला. १९१८ मध्ये तो सुरू झाला. झोपलेलं बेट एका पिढीत बदललं. मदैरा, सुरिनाम, इंग्रजी बेटं इथून मजूर आले. सिंधी व्यापारी आले, पुंडाच्या गल्ल्यांत त्यांची कापडाची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं अजून आहेत. महायुद्धात दोस्तांच्या विमानांचं आणि जहाजांचं मोठं इंधन इथून गेलं. एप्रिल १९४२ मध्ये पाणबुड्यांच्या धोक्यात संरक्षणाशिवाय जायला नकार देणाऱ्या चिनी खलाशांवर छावणीत गोळीबार झाला आणि पंधरा जण मेले.

कारखान्याला लागून बेथ हाइम हे ज्यूंचं जुनं स्मशान आहे, १६५९ चं. हजारो कबरी. अ‍ॅमस्टरडॅमहून कोरून आणलेले दगड: झाड तोडणारा हात, मृत्युशय्या, जहाज. म्हणजे असायला हवेत. अनेक दशकांच्या आम्ल धुराने बहुतेक दगडांचे चेहरे विरघळून गेलेत. हाताने चाचपडलं तर अक्षराच्या जागी भुसभुशीत खळगे लागतात. काही चांगल्या दगडांच्या प्रतिकृती सिनेगॉगच्या अंगणात लावल्या आहेत, शुक्रवारी त्या पाहिल्या होत्या. मूळ दगडांपाशी उभं राहून राग येतो. आजूबाजूच्या वस्त्यांतली जिवंत माणसंही तोच धूर वर्षानुवर्षं घेत होती.

३० मे १९६९ ची गोष्ट इथल्याच दारातून सुरू झाली. शेलच्या कंत्राटदाराकडचे कामगार तेच काम कमी मजुरीत करत होते. संप झाला, मोर्चा पुंडाकडे निघाला, वाटेत पोलिसांनी पुढारी विल्सन 'पापा' गोडेटला गोळी घातली. गोडेट वाचला, पण शहर पेटलं. पुंडा आणि ओत्रोबांडातल्या डझनावारी इमारती जळाल्या, दोन माणसं मेली, हॉलंडहून नौसैनिक उतरवावे लागले. त्याच वर्षी कामगारांचा पक्ष निवडून आला आणि गोडेट संसदेत गेला. त्यानंतर पापियामेंतुला लोक घराबाहेरही मानाने बोलू लागले. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी भाषांतून इथे घडलेली ही भाषा. तिचा सर्वांत जुना उपलब्ध लेख म्हणजे १७७५ मध्ये एका ज्यू नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र. म्हणजे गुलामांच्या वस्तीत वाढलेली भाषा तोवर मालकांच्या माजघरात पोचली होती. शाळेत ती १९८६ मध्ये विषय म्हणून आली, २००७ मध्ये राजभाषा झाली. तांबूचंही असंच. ढोल आणि लोखंडी नांगराच्या पात्यावर वाजणारं, वर्षाच्या घडामोडींवर बोट ठेवणारं हे गाणं-नाचणं चर्चने आणि सरकारने कित्येक वर्षं दाबून ठेवलं. आज नव्या वर्षाच्या सुमाराला ते उघड मैदानात होतं.

१९८५ मध्ये शेलने कारखाना नावापुरत्या किमतीला सरकारच्या गळ्यात टाकला, पुढे व्हेनेझुएलाच्या कंपनीने तो २०१९ पर्यंत चालवला.

दुपारी समुद्राकाठच्या पार्के लुचा पा लिबेर्तातला गेलो. तुलाला मारलं ती जागा याच परिसरातली. नेल सिमोन यांचं १९९८ चं शिल्प आहे, साखळ्या तोडणारी माणसं. एक शाळेची सहल आली होती. बाई पापियामेंतुत काहीतरी विचारत होत्या आणि पोरं एका सुरात "तुला!" म्हणून ओरडत होती. २०१० मध्ये क्युरासावने त्याला राष्ट्रीय वीर ठरवलं. हॉलंडच्या पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली, आणि ३ ऑक्टोबर २०२३ ला डच सरकारने तुलाचं नाव अधिकृतरीत्या निष्कलंक केलं. २२८ वर्षांनी.

मंगळवार

रात्रीचं विमान, म्हणून दिवस मोकळा. चोबोलोबोच्या वाड्यात जाऊन क्युरासाव मद्य कसं बनतं ते पाहिलं. स्पॅनिशांनी लावलेली संत्री कोरड्या जमिनीत कडू झाली, ती लाराहा. फळ खाण्याजोगं नाही पण वाळलेली साल सुगंधी. निळा रंग नंतरचा, वरून घातलेला.

जाणार असाल तर एवढंच सांगते. राहायला ओत्रोबांडा बघा, सकाळी गल्ल्या चालता येतात. सिनेगॉग आठवड्याच्या मधल्या दिवसांत, प्लासा बिएउ दुपारी लवकर, नाहीतर पातेली रिकामी होतात. केनेपासाठी गाडी लागतेच, आणि किनाऱ्यावर उतरण्याआधी टेकाडावर जा. ईस्टरच्या सोमवारी सेउ असतो, सुगीची मिरवणूक. टोपल्या डोक्यावर घेऊन, कापणीच्या चालीत नाचत लोक शहरातून जातात. आमची तारीख चुकली, पण तुम्ही शक्य तर तोच आठवडा धरा. ३१ मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर हे नवं चलन आलंय, डॉलरही चालतो. आणि "बोन दिया" म्हटल्याशिवाय दुकानात काही विचारू नका, ते इथे उद्धटपणाचं समजतात.